पुढच्या चाकाचं माप

माझा जावई शिंपी आहे. धंदा बैठा, आणि हा माणूस बसत नाही. सगळी भानगड या एवढ्यात आली, पण मी एवढ्यावर थांबणाऱ्यातला नाही, तेव्हा सविस्तर सांगतो.

मशीनवर त्याला बसावं लागतं, त्याला इलाज नाही. पण एक बाही जोडून झाली की हा उठलाच. दाराशी जाऊन रस्ता बघून येणार. रस्त्यावर काही नसतं, हे त्यालाही ठाऊक असतं. दुसरी बाही जोडली की पाणी प्यायला, कॉलर झाली की इस्त्री तापली का बघायला, आणि तापलेली असली तर निवतेय का बघायला. पेपर उभ्यानं वाचतो. दाढी फिरत फिरत करतो, त्यामुळं एका गालावर नेहमी थोडी राहते. बाजारात त्याला भिंगरी म्हणतात, तोंडावर म्हणतात. त्याला राग येत नाही, कारण राग धरून ठेवायचा तर माणसाला थोडा वेळ एका जागी थांबावं लागतं.

त्याची आई सांगायची, याला नववा महिना लागायचीसुद्धा वाट बघवली नाही. आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा अर्ध्या तासात पाच वेळा उठला. एकदा गळका नळ बंद करायला, एकदा भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करायला, आणि एकदा तर माझ्या सदऱ्याचं बटण लोंबतंय म्हणून खिशातून सुईदोरा काढून माझ्या छातीशी वाकला. सासरा व्हायच्या आधीच मी त्याचं गिऱ्हाईक झालो. तो गेल्यावर आमची ही म्हणाली, या माणसाला घरात ठेवायचं तर कडी बाहेरून लावावी लागेल. मी म्हटलं, माणूस गुणी आहे. सोळा वर्षं झाली, दोघांचंही खरं निघालं.

गुणी कसा, तर कात्री हातात आली की हाच माणूस दगडासारखा स्थिर. कापड पसरलं, खडूची रेघ मारली, की मग बाजूला नगारा वाजवा, मान हलणार नाही. त्याच्या हातचा कोट घातला की कुबड असलेला माणूससुद्धा ताठ दिसतो. पण कापून झालं की पुन्हा पायाला चाकं.

आता दुकानांचं सांगतो. सोळा वर्षांत यानं पाच दुकानं केली. पहिलं बसस्टँडसमोर, तिथं गाड्या येताना-जाताना बघून याचं डोकं फिरायचं, आपणच तेवढे मागं राहिलो असं वाटायचं. दुसऱ्या दुकानाच्या शेजारी भांडी ठोकणारा होता. सगळ्यांना वाटलं, ठणठणाटाला कंटाळून हा उठेल. उलट झालं. भांडीवालाच उठून गेला, आणि त्या शांततेत याला बसवेना. तिसरं माडीवर, जिने भरपूर. याला आवडले, गिऱ्हाइकांना नाही. चौथ्याबद्दल तो बोलत नाही, म्हणून मीही बोलत नाही. आणि दर वेळी माझ्या थोरलीनं, म्हणजे याच्या बायकोनं, मशीनची मुंडकी जुन्या चादरीत गुंडाळली, रिळं डब्यात भरली, पोरीचा शाळेचा दाखला काढला आणि बिऱ्हाड हलवलं. पाचवं दुकान आमच्या घराच्या मागच्या गल्लीत. ते चार वर्षं टिकलं. मी मनातल्या मनात म्हणायचो, गाडी रुळावर आली बरं का. मोठ्यानं म्हटलं नाही, दृष्ट लागते.

थोरली म्हणजे त्या दुकानाचं बूड. काजं-बटणं तीच करायची, तारखा तीच सांभाळायची, आणि मापाची वही तिच्याच हातात. मापं घेण्याची त्या दोघांची एक पद्धत होती, ती सांगायला हवी. हा टेप घेऊन गिऱ्हाइकाभोवती फिरायचा आणि अंगाचं नेमकं माप तोंडानं सांगत जायचा. छाती छत्तीस. ती वहीत लिहायची चाळीस. कारण कपडा काही कातडीला चिकटवायचा नसतो, छातीला चार इंच सैल धरावी लागते. ती सैल धरण्याचं काम तिचं. अंगाचं माप तो बोलायचा, कपड्याचं माप ती लिहायची. आणि बोललेला आकडा याच्या डोक्यात रस्ता ओलांडेपर्यंतसुद्धा टिकत नसे. पुढं कापताना वहीतला आकडा बघायचा आणि कात्री चालवायची. सोळा वर्षांत एक बाही आखूड झाली नाही.

तर अशा या रुळावरच्या गाडीला एक दिवस फोन आला. याचा जुना सोबती, तीन तासांवरच्या एका मोठ्या गावात मोटरसायकलच्या सीटची कव्हरं शिवायचा कारखाना काढत होता. कापणारा माणूस पाहिजे, तूच ये, म्हणाला. झालं. कापणं आणि मोटरसायकल, याच्या जिवाच्या दोन गोष्टी एकाच छपराखाली. त्या दिवशी यानं विजारीला दोन्ही पाय डावेच जोडले.

थोरली काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की समजायचं, नाही. हा मात्र रोज त्या गावाच्या गोष्टी सांगायचा. घराला ओटा आहे. शाळा कोपऱ्यावर आहे. दुकानात वारा येतो. आम्ही जेवायला बसलो की हा वाटी हातात घेऊन फिरत फिरत सांगायचा. शेवटी एका रविवारी तिनं तोंड उघडलं. मी समोर होतो, म्हणून शब्दन् शब्द सांगू शकतो.

ती म्हणाली, "अहो, मला गावाची भीती नाही. तुम्ही तिथं तरी टिकाल का, याची आहे. मोटरसायकल मंडळाची फेरी येतेय ना? दीड तास एका चालीनं गाडी चालवून दाखवा. ना आधी, ना नंतर. एका मिनिटाच्या आत-बाहेर पोचलात तर पेटी मी स्वतः बांधते. नाही पोचलात, तर त्या गावाचं नाव या घरात निघणार नाही."

"कबूल," तो म्हणाला, आणि उठून दाराशी जाऊन रस्ता बघून आला.

ही फेरी काय होती ते सांगतो. शर्यत नव्हे, शर्यतीच्या उलट. तलावाला वळसा घालून जाणारा साठ किलोमीटरचा रस्ता, ताशी चाळीसच्या वेगानं पुरा करायचा. म्हणजे बरोबर दीड तास. सुरुवातीला घड्याळं आणि फोन पिशवीत घालून जमा करायचे, आणि फक्त गाडीच्या मीटरवर भरवसा ठेवून निघायचं. दीड तासाच्या जो जास्तीत जास्त जवळ पोचेल तो पहिला. जावई दोन वर्षं भाग घेत होता. पहिल्या वर्षी बावीस मिनिटं आधी पोचला. दुसऱ्या वर्षी सुधारला, एकोणीस मिनिटं आधी पोचला. मंडळाचा चिटणीस म्हणजे औषधाच्या दुकानाचा मालक, थेंब मोजून देणारा माणूस. तो म्हणाला होता, की पुढच्या वर्षी भिंगरीला आदल्या दिवशीच बक्षीस देऊ, म्हणजे यायची घाई होणार नाही.

यानं सगळा दोष गाडीच्या मीटरवर टाकला. तो दोष अगदीच खोटा नव्हता. गाडी जुनी, कंपनीचा मूळ मीटर काट्याचा. पुढच्या चाकापासून एक केबल वर यायची आणि काटा फिरवायची. केबल आतून झिजलेली, त्यामुळं चाळीसवर गाडी असली की काटा पस्तीस ते पन्नास असा थरथरत राहायचा. मी म्हणायचो, वाण नाही पण गुण लागला. तेव्हा यानं ठरवलं, की तो मीटर काढून बाहेरचा आकड्यांचा मीटर बसवायचा. काटा नाही, कापरं नाही. चाळीस म्हणजे चाळीस.

मेस्त्री आमच्या नाक्यावरचा. जितका जावई चळवळ्या तितका तो थंड. नट फिरवतानासुद्धा विचारून फिरवल्यासारखा फिरवतो. मीही गेलो होतो, मला कुठं काम असतं. त्यानं पुढचा दिवा उतरवला, मीटरच्या पाठीमागची केबलची टोपी सोडली, रबरी वायसरांतले दोन नट काढले, छोटे छोटे दिवे त्यांच्या घरट्यांतून ओढून घेतले, आणि जुना मीटर दातासारखा उपटून बाकावर ठेवला. जावई तोवर गॅरेजला अकरा फेऱ्या मारून आला होता. मेस्त्री म्हणाला, की एक तर बसा, नाहीतर जा, नाहीतर तो झाडू घ्या. यानं झाडू घेतला. ते गॅरेज बांधल्यापासून तितकं स्वच्छ झालं नव्हतं.

नवा मीटर काळा, गोल, चहाच्या बशीपेक्षा लहान. त्याला केबल नाही. पुढच्या चाकाच्या मधल्या भागावर एक इवलंसं चुंबक चिकटवायचं, आणि शेजारच्या दांड्यावर एक डोळा बसवायचा. चाकाचा एक फेरा झाला की चुंबक डोळ्यासमोरून जातं आणि मीटर एक मोजतो. दोघांमध्ये दोन पोस्टकार्डं मावतील एवढीच फट. हे सगळं नीट झालं. मग वायरी जोडल्या, आणि डावीकडं वळायचं बटण दाबलं, तर डावे-उजवे, पुढचे-मागचे चारही दिवे एकदम लुकलुकायला लागले. उजवीकडचं दाबलं, तरी चारही. जावयाचा चेहरा उतरला. मेस्त्री शांतपणे म्हणाला, "गाडीनं मालक ओळखला. कुठं वळायचं ते ठरत नाहीये."

कारण त्यानं नंतर सांगितलं. डावं-उजवं दोन्हीला मिळून मीटरमध्ये एकच दिवा. नवा दिवा इतकी कमी वीज पितो, की एका बाजूची वीज त्याच्यातून दुसऱ्या बाजूला घुसते. त्यानं वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे दोन बारके तुकडे मध्ये जोडले, आणि दिवे शहाण्यासारखे वागायला लागले. मग म्हणाला, आता फक्त चाकाचा घेर भरायचा राहिला. एका फेऱ्यात गाडी किती पुढं जाते, हे सांगितल्याशिवाय मीटरला वेग कळणार कसा? माझी पट्टी तुटलीय, तुम्ही शिंपी, घरी जाऊन माप घ्या आणि उद्या आकडा आणा.

दुकानापुढं गाडी लावून यानं माप घेतलं. शिंप्याचा टेप साठ इंचांचा, आणि चाकाचं पोट त्याहून मोठं. साठवर खडूची खूण केली आणि तिथून पुन्हा टेप लावला. थोरली पायरीवर वही घेऊन बसली होती, कारण माप म्हटलं की वही. जाणाऱ्या-येणाऱ्यानं विचारलं, चाकाला विजार शिवताय काय? हा म्हणाला, कोट, थंडीत फिरतं बिचारं. मधल्या मधल्या वेळात तो त्या दुसऱ्या गावच्या ओट्याचंच सांगत होता, की तिथं बसून काजं करता येतील, उजेड चांगला असतो. तिनं मान वर केली नाही. यानं आकडा सांगितला, तिनं लिहिला, वही मिटली. दुसऱ्या दिवशी तिनंच चिठ्ठीवर तो उतरून दिला. मेस्त्रीनं इंचांचे सेंटीमीटर केले, बटणं दाबत दाबत आकडा भरला, आणि हा गल्लीतून एक चक्कर मारून आला तो उजळून. म्हणाला, "मामा, चाळीस म्हणजे दगडावरची रेघ. हलत नाही."

फेरी त्याच्या दुसऱ्याच दिवशी होती.

थोरली आणि मी शेवटच्या खुणेपाशी जाऊन बसलो. तिथं एक टेबल, टेबलावर मोठं घड्याळ, घड्याळामागं चिटणीस. एकेक गाडी दोन-दोन मिनिटांनी सोडली होती, प्रत्येकाची निघायची वेळ कागदावर. जावई निघाला तेव्हा सकाळचे आठ वाजून दहा मिनिटं.

वाटेत त्याचं काय झालं, ते त्यानं मला नंतर सांगितलं, आणि ते मला इतकं आवडतं की मी ते कुणालाही सांगतो. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग उजव्या मनगटाला खाज सुटली. रस्ता मोकळा, उतार, वारा पाठीशी, आणि हा चाळीसवर. पोत्यांवर पोती लादलेली एक बाई स्कूटरवरून पुढं गेली आणि वळून याच्याकडं बघून गेली, की गाडी बिघडलीय की माणूस. एक सायकलवाला उतारावर याच्या बरोबरीनं आला आणि गप्पा मारायला लागला. पाय स्वस्थ बसेनात, म्हणून तो पायाच्या बोटांनी बुटाच्या आत ताल धरत राहिला. अर्ध्या वाटेवर तर वाटलं, की मरू दे ते गाव, मरू दे पैज, एकदा मूठ पिळतो आणि सुटतो. तेव्हा म्हणे त्याला शिवण आठवली. लांब शिवण घालताना घाई केली की कापडाला चुण्या पडतात. कापड ओढायचं नसतं, ढकलायचं नसतं, सुईखाली नुसतं जाऊ द्यायचं असतं. म्हणून त्यानं तो रस्ता कापडासारखा गाडीखाली जाऊ दिला. उरलेला सगळा रस्ता एक टाका न चुकवता त्यानं चाळीसवर काढला. आयुष्यात पहिल्यांदा.

इकडं आम्ही बसलो होतो. एकेक जण येत होता. कुणी चार मिनिटं आधी, कुणी दोन मिनिटं उशिरा. एक चष्मेवाला मास्तर एकोणीस सेकंदांच्या फरकानं आला, त्याला टाळ्या मिळाल्या. नऊ वाजून चाळीस ही याची वेळ. नऊ-तीसपासून माझी मान रस्त्याकडं, कारण हा आधीच येणार ही सगळ्यांची खात्री. नऊ-तीस गेले, रस्ता मोकळा. नऊ-एकोणचाळीस झाले आणि थोरलीनं पदराचं टोक मुठीत धरलं. नऊ-चाळीस. नऊ-एक्केचाळीस. मिनिट संपलं. मी तिच्याकडं बघितलं, ती पैज जिंकली होती. तिचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता. ती रस्त्याकडंच बघत होती, काही झालं तर नाही ना, असं.

नऊ चव्वेचाळीस आणि चाळीस सेकंदांनी तो आला. हसत आला. गाडी उभी केली, उतरला, आणि घड्याळाकडं न बघता बायकोकडं बघितलं. जिंकलो, असं. चिटणिसानं आकडा वाचला, चार मिनिटं चाळीस सेकंद उशीर. याला ते कळायलाच वेळ लागला. मग मीटरकडं बोट दाखवून म्हणाला, रस्ता साठ नाही, त्रेसष्ट किलोमीटर आहे, हे बघा त्रेसष्ट पॉइंट दोन. चिटणीस लालबुंद झाला. रस्ता त्यानं स्वतः दोनदा मोजला होता. मागून कुणीतरी बोललं, नाचता येईना अंगण वाकडं. सगळे हसले. जावई हसला नाही. त्यानं गाडी सुरू केली आणि घरी येईपर्यंत चाळीसच्या वर गेला नाही, बहुधा वर जायचं त्याच्या लक्षातच आलं नाही.

पुढचे तीन दिवस मला आठवतात, कारण त्या तीन दिवसांत दुकानातलं मशीन खिडकीपासून दारापाशी, दारापासून भिंतीपाशी आणि भिंतीपासून पुन्हा खिडकीपाशी गेलं. त्या गावाचं नाव मात्र त्यानं काढलं नाही. शब्द म्हणजे शब्द. सोबत्याला सोमवारी नाही म्हणून कळवतो, एवढंच बोलला. खरं सांगायचं तर मी खूश होतो. पोरगी मागच्या गल्लीत राहणार, नात संध्याकाळी येणार, म्हाताऱ्याला आणखी काय पाहिजे. खुशी मी लपवली, पण आमची ही म्हणाली की ती कानांतून दिसतेय.

शनिवारी दुपारी थोरली आमच्याकडं आली. जावई बटणं आणायला बाजारात गेला होता. तिच्या हातात मापाची वही होती आणि गळ्यात टेप. पाणी न पिता तिनं वही माझ्यासमोर उघडली. एका पानावर एका गिऱ्हाइकाचा कोट, दुसऱ्या पानावर शाळेची विजार, आणि मध्ये तिच्या स्वच्छ अक्षरात: पुढचं चाक, अठ्ठ्याहत्तर.

मी म्हटलं, बरं मग?

ती म्हणाली, आबा, मी आत्ता खाली बसून चाक मोजून आले. दोनदा मोजलं. चौऱ्याहत्तर आहे.

मला अजून उजेड पडला नव्हता. तिनं समजावून सांगितलं तेव्हा पडला. त्यानं सांगितलं होतं चौऱ्याहत्तर. तिचं लक्ष त्या ओट्याच्या गोष्टीकडं होतं, ती ऐकायची नव्हती तरी कानात शिरत होती, आणि हातानं सोळा वर्षांची सवय चालवली. तिनं चाकालासुद्धा चार इंच सैल धरली. मीटरला वाटलं, चाक मोठं आहे, गाडी एका फेऱ्यात जास्त जाते. म्हणून तो अडतीसच्या चालीला चाळीस दाखवत होता, आणि साठ किलोमीटरला त्रेसष्ट. जावई चाळीसवरून हलला नव्हता. चाळीसच खोटं होतं.

आता जे सांगतो ते माझ्याविषयी फारसं चांगलं नाही, पण गोष्टीत ते आहे. मी उठून दार लोटलं आणि तिला म्हटलं, गप्प बस. कुणाला कळणार आहे? सोमवारी तो नाही म्हणून कळवेल आणि विषय संपेल. तुला तरी कुठं जायचंय? नाही ना? मग वहीचं पान फाड आणि चूल पेटव.

तिनं वही मिटली. माझं बोलणं तिला पटलं असं मला वाटलं, इतकं मी तिला कमी ओळखतो.

मग म्हणाली, "आबा, आपल्या मापानं गिऱ्हाइकाचा कोट बिघडला तर आपण काय करतो? गिऱ्हाइकाला सांगतो का, तुमचं अंगच वाकडं आहे म्हणून? उसवून देतो."

आणि गेली. मी तिच्या मागोमाग गेलो. का, ते विचारू नका. अडवायला असेल, नाहीतर बघायला.

जावई परत आला होता. टेबलाभोवती फिरत फिरत बटणांचे रंग जुळवत होता. तिनं वही उघडून त्याच्यापुढं धरली आणि एका दमात सांगितलं. "तुमचे ते त्रेसष्ट आले ना, त्यातले वरचे तीन माझे आहेत. तुम्ही चौऱ्याहत्तर सांगितलं, मी अठ्ठ्याहत्तर लिहिलं. रस्ता बरोबर होता, तुम्हीही बरोबर होतात. माप मी चुकवलं."

तो खाली बसला. मशीनपुढच्या स्टुलावर नव्हे, कापडाच्या गठ्ठ्यावर, जिथं तो कधी बसत नाही. बराच वेळ वहीकडं बघत राहिला. मला वाटलं, आता आरडाओरडा होतो. चार लोकांत हसं झालं होतं त्याचं, तीन दिवस तोंड लपवून हिंडला होता.

त्यानं विचारलं, "मग खरं धरलं तर मी किती चुकलो?"

तिनं हिशेब आधीच करून आणला होता. "अकरा सेकंद."

"उशिरा?"

"आधी."

"तरी आधीच," तो म्हणाला, आणि हसायला लागला. असा हसला की हातातली बटणं सांडली. थोरलीही हसली, आणि मग हसता हसताच तिनं डोळे पुसले. मी दारात उभा, मला काय करावं कळेना, म्हणून मी खाली वाकून बटणं गोळा करायला लागलो.

हसणं थांबल्यावर त्यानं तिला एक गोष्ट विचारली. सोळा वर्षांत, पाच दुकानांत, त्यानं ती विचारलेली मी ऐकली नव्हती. "तुला यायचंय का?"

"नाही," ती म्हणाली. "पण येणार. दीड तास तुम्ही माझ्या चुकीच्या मापावर इमानानं चालवलीत. त्याच्यापुढं मला तोंड नाही. फक्त हे शेवटचं. यानंतर बिऱ्हाड हललं तर तुमचं एकट्याचं हलेल."

शब्द म्हणजे शब्द असं त्याचं आहे, तेव्हा द्यायच्या आधी तो विचार करत असावा. शेवटी होकाराची मान हलवली. मंडळाकडं जाऊन निकाल बदलून मागावा असं मी सुचवलं, ते दोघांनीही ऐकलं नाही. तो चष्मेवाला मास्तर अजूनही भेटेल त्याला ती फेरी जिंकल्याचं सांगतो. सांगू दे.

पंधरा दिवसांनी टेम्पो आला. सकाळपासून जावयाच्या दुकान ते टेम्पो अशा फेऱ्या चालू, निम्म्या रिकाम्या हातानंच. नात आजीच्या गळ्यात पडून रडून झाली होती आणि आता पुढच्या सीटवर कोण बसणार यावरून ड्रायव्हरशी वाद घालत होती. मला कुणी काम सांगत नव्हतं. थोरली मात्र शांत. तिनं मशीनची मुंडकी गुंडाळली, कात्र्या मोजल्या, वही वरच्या खणात ठेवली. राहिली ती मोठी लोखंडी पेटी. तिच्यात इतकं कोंबलं होतं की झाकण चार बोटं वरच राहत होतं. तिनं गुडघा लावला, मी हात लावला, झाकण बसेना.

तिनं नवऱ्याला हाक मारली. "अहो, जरा यावर बसा."

तो बसला. झाकण खाली गेलं. ती पेटीखालून दोरी घालायची, वर ओढायची, गाठ मारायची, पुन्हा दुसऱ्या बाजूनं घालायची. घाईघाईत नाही, एकेक गाठ तपासून. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला. जावयाचे पाय जमिनीवर वळवळले, पण तो उठला नाही. ती म्हणेपर्यंत तो पेटीवर तसाच बसून राहिला, आणि ती चांगली पाव तास काही म्हणाली नाही.